माल्टाच्या पाण्याखालची टगबोट आणि बाबांचं बीपी

निखिलच्या ऑफिसात नवी सिस्टीम सुरू व्हायचा आठवडा आणि आमच्या माल्टाच्या तिकिटांचा आठवडा नेमका एकच निघाला. तिकिटं रद्द केली तर एक सेंट परत मिळणार नव्हता. "आल्झो, तू आणि बाबा जा की," लॅपटॉपवरची मान वर न करता माझा नवरा म्हणाला (आल्झो म्हणजे जर्मन ‘तर मग’), आणि सासरे-सुनेची सहल ठरली.

बाबा मुलुंडहून तीन महिन्यांसाठी फ्रँकफर्टला आले होते. दुसऱ्या महिन्यापर्यंत शहरातल्या सगळ्या ट्रामची शेवटची स्टेशनं बघून झाली होती आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्याही काढून परत बसवून झाल्या होत्या. मी दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका तलावात डायव्हिंग शिकले. पाणी थंडगार आणि हिरवं, पुढे केलेला स्वतःचा हातही दिसायचा नाही. त्यामुळे मला एकदा निळं, उबदार पाणी हवं होतं. बाबांना मात्र एकच गोष्ट हवी होती, बुडालेलं जहाज.

त्याला कारण आहे. बाबा चौतीस वर्षं मुंबईच्या गोदीत होते, आधी वेल्डर आणि मग वेल्डिंग तपासणारे. "आमचं काम पाण्याखाली जातं," ते सांगायचे. "एकदा जहाज पाण्यात उतरलं की आपण जोडलेला सांधा परत कधी दिसत नाही. इतक्या वर्षांनी तो खाली कसा असतो, ते बघायचंय मला." पोहण्यात ते माझ्यापेक्षा सरस आहेत, लहानपणी गावच्या विहिरीत शिकलेले. त्यांच्यासाठी मी नवशिक्यांची डाइव्ह ठरवली. शिक्षक हात धरून सहा-सात मीटरपर्यंत नेतात, आणि तेवढ्यावरून तळाशी बुडवलेली टगबोट, मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट, स्वच्छ दिसते.

डायव्हिंग सेंटरने आधी तब्येतीचा फॉर्म पाठवला. तो मी गुरुवारी दोन मीटिंगांच्या मधल्या दहा मिनिटांत भरला. मी प्रश्न वाचत होते, बाबा सोफ्यावरून उत्तरं देत होते. दमा? नाही. ऑपरेशन? नाही. बीपी? "नाही," बाबा म्हणाले. "रोजची कुठली औषधं?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "नाही." मी टिचकी मारली आणि पुढच्या मीटिंगला पळाले.

सोमवारी निघालो. फ्रँकफर्टहून माल्टा पावणेतीन तासांवर आहे. आईवडिलांना नेणाऱ्यांसाठी सांगते, जर्मनीचा शेंगेन व्हिसा तिथे चालतो, वेगळं काही काढावं लागत नाही. प्रवासविम्यात डायव्हिंग धरलंय का, एवढं मात्र बघून घ्या, बहुतेक वेळा नसतं. सप्टेंबर संपत आला होता. फ्रँकफर्टला आम्ही जॅकेट घालून विमानात चढलो आणि माल्टाला उतरल्या उतरल्या बाबांनी स्वेटरसुद्धा काढून पिशवीत कोंबला. बसचं तिकीट दोन-अडीच युरो. आम्ही पूर्वेकडच्या मार्सास्काला गावात दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. समोर छोटी खाडी, रंगीत होड्या आणि कोपऱ्यावर बेकरी. बेकरीत पास्तिझी मिळतात, आत चीज किंवा मटारचं सारण भरलेली खुसखुशीत खारी म्हणा. बाबांनी मटारवाल्या चार खाल्ल्या आणि "यात हिरवी मिरची हवी होती" असा निकाल दिला.

मंगळवारी सेंटरवर आमची डायव्हिंग शिक्षिका हाइके भेटली. मूळची हॅनोवरची, पंधरा वर्षं माल्टात राहणारी, उन्हाने तांब्यासारखी झालेली. तिच्याशी जर्मनमध्ये बोलता आलं याचा मला उगीचच आनंद झाला. सासऱ्यांसमोर अंगाला घट्ट बसणारा वेटसूट कसा घालायचा याची मी आठवडाभर काळजी केली होती. प्रत्यक्षात बाबा स्वतःच्या वेटसूटमध्ये एक पाय घालून असे अडकले होते की माझ्याकडे बघायला त्यांना सवडच नव्हती. हाइकेने आणि मी मिळून त्यांना त्यात भरलं. त्या दिवशी त्यांना नुसतं कमरेइतक्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला शिकवलं, आणि मी हाइकेच्या मदतनीस मुलीबरोबर खडकांवर डाइव्ह केली.

पहिल्या मिनिटाला मी हसलेच, त्यामुळे मास्कमध्ये पाणी शिरलं. पंचवीस मीटर लांबचं दिसत होतं. समुद्रगवताची कुरणं, त्यावर चांदीसारखे मासे, खडकाच्या फटीत एक ऑक्टोपस. तो माझ्याकडे बघत बघत खडकाच्या रंगाचा झाला. गाइडसह, सगळ्या सामानासकट पन्नास युरोंच्या आसपास लागतात, आणि माझ्या मते त्यातली पै न् पै वसूल होते.

संध्याकाळी माझं डोकं दुखत होतं. बाबा बाल्कनीत चहा घेत होते. "माझ्या औषधांच्या पिशवीत क्रोसिन आहे, घे," म्हणाले. पिशवीत क्रोसिन होती. तिच्याखाली बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी होती, एकूण एक गोळी जागच्या जागी. दुसरी पट्टी अर्धी होती, आणि तिच्या मागे दुकानदाराने वार लिहिलेले होते. शेवटची फोडलेली गोळी गेल्या बुधवारची.

मी पट्टी घेऊन बाल्कनीत गेले. "बाबा, तुम्हाला बीपी आहे?"

"छे. गोळी घेतो ना मी, मग कुठलं बीपी."

"पण तुम्ही गोळी घेतच नाहीये. सहा दिवस झाले."

त्यांनी कप खाली ठेवला. "तू विचारलंस ना, रोजची औषधं आहेत का म्हणून. चौतीस वर्षांत मी खोट्यावर सही केली नाही, मुग्धा. नाही म्हणायचं तर नाहीच असायला हवं. म्हणून बंद केली."

मला हसावं की रडावं कळेना. फॉर्म खोटा ठरू नये म्हणून या माणसाने गोळ्या बंद केल्या होत्या. आणि मला राग आला तो त्यांचा कमी, माझा जास्त. मी दहा मिनिटांत, घड्याळाकडे बघत, त्यांना नऊ-दहा प्रश्न विचारले होते. त्या "नाही"च्या आधी ते थांबले होते, ते मी ऐकलं होतं आणि तशीच पुढे गेले होते.

"निखिलला सांगू नकोस," ते म्हणाले.

"सांगणार," मी म्हणाले. "पण आधी डॉक्टर."

बुधवारी हाइकेने ओळखीच्या डॉक्टरकडे पाठवलं. फॉर्मबद्दल मी तिला सगळं खरं सांगितलं तेव्हा तिने फक्त एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच तो फॉर्म असतो." डॉक्टर स्वतः डायव्हर होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी तीनदा बीपी मोजलं. एकशे शहात्तर. बाबांनी एकदा मशीनकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, जणू मशीन माझ्या माहेरचं होतं.

डॉक्टर इंग्रजीत बोलत होते, शांतपणे. "गोळी आजपासून पुन्हा सुरू. पाण्याखाली अजिबात नाही. तुम्ही गोळी चालू ठेवून, रीडिंग आटोक्यात ठेवून आला असतात तर तपासून मी कदाचित सही केली असती. तीन महिने बीपी स्थिर राहू दे, मग विचारा."

बाहेर आल्यावर बाबा पायऱ्यांवर बसले. "म्हणजे खरं सांगितलं असतं तर जाता आलं असतं," ते म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं. रात्री त्यांनी स्वतःच निखिलला फोन लावला. आत पाच मिनिटं निखिलचा आवाज ऐकू येत होता आणि बाबांचं "हो रे, हो" तेवढं.

गुरुवारी आम्ही डाइव्ह विसरायला व्हॅलेटाला गेलो. किल्ल्याच्या तटावरून बंदर दिसतं, आणि बंदरात कोरड्या गोदीत घेतलेलं एक जहाज होतं. बाबांनी तिथे दीड तास काढला. माझं चर्च बघायचं राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. एकशे सेहेचाळीस. ते जरा विचार करून म्हणाले, समुद्र शांत आहे, बोटीजवळ, फ्लोट धरून, नुसतं वर तरंगायला हरकत नाही. बाबांचा चेहरा असा उजळला की डॉक्टरही हसले.

हाइकेची छोटी बोट गावापासून दहा मिनिटांवर थांबली. टगबोट मुद्दाम बुडवलेली आहे, माशांना घर आणि आमच्यासारख्यांना काम मिळावं म्हणून. ती वीस मीटरवर सरळ उभी आहे. पाण्यात उतरण्याआधी बाबांनी मला कामाला लावलं. "मागच्या बाजूला जा, सुकाणूच्या वर. पत्रे जिथे जुळतात तिथे बघ, रिवेट, म्हणजे ठोकलेले खिळे, आहेत की वेल्डिंग. हात फिरव. फोटो जवळून काढ, उगीच माशांचे काढत बसू नकोस."

मी आणि हाइके खाली गेलो. मागच्या बाजूला पत्र्यावर शेवाळं होतं आणि नारिंगी स्पंज. हाताने अलगद पुसलं तर त्याखाली एका रेषेत गोल डोकी लागली, एकामागे एक. रिवेट. मी सहा फोटो काढले, एकही माशाचा नाही. मग वर बघितलं. डोक्यावर वीस मीटर निळं पाणी आणि त्यावर पालथे पडलेले बाबा, हातपाय पसरलेले, मधूनच पायातले फिन्स हलवणारे. मी रिवेटांकडे बोट दाखवलं. त्यांनी हात हलवला.

बोटीवर चढल्या चढल्या त्यांनी कॅमेरा मागून घेतला आणि प्रत्येक फोटो मोठा करून बघितला. "आमच्या आधीच्या, वेल्डिंग यायच्या आधीच्या काळातली आहे," म्हणाले. "काम मात्र चोख केलंय." त्यांचे डोळे लाल झाले होते, ते खाऱ्या पाण्याने म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही.

डाइव्हनंतर किमान अठरा तास तरी विमानात बसायचं नसतं, म्हणून शनिवार मोकळा ठेवा आणि संध्याकाळचं विमान घ्या. आम्ही तो दिवस बेकरी आणि बाल्कनी यांत घालवला.

फ्रँकफर्टला निखिलने बाबांना मिठी मारली आणि मग पुन्हा एकदा झापलं. पुढच्या आठवड्यात बाबा मुलुंडला परतले. या सहलीतून काय उरलं असं कुणी विचारलं तर मी ऑक्टोपसबद्दल सांगते, पण खरं म्हणजे बाबांच्या शेजारी बसून चहा घेत, फॉर्ममधला एकेक प्रश्न सावकाश विचारायचा राहून गेला, ते उरलं. तुम्ही आईवडिलांना नेणार असाल तर तेवढं करा.

मुलुंडला परत गेल्यापासून दर रविवारी सकाळी बाबांकडून एक फोटो येतो, बीपीच्या मशीनचा. खाली मजकूर काही नाही. एकशे चौतीस. एकशे तीस. एकशे बत्तीस. काल तेरावा फोटो आला, एकशे अठ्ठावीस. डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने झाले. मी पहिल्यांदाच उत्तर लिहिलं, "व्हिसाची कागदपत्रं काढून ठेवा."