मास्तर वाक्य तपासायला घरी येत

परशराम मास्तर गेल्याचं काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी दवाखान्यात ड्युटीवर होते. "दुपारी जेवले, भात चांगला झालाय म्हणाले, आणि आडवे झाले ते उठलेच न्हाईत गं..." रडू आलं, खोटं कशाला सांगू? पण ऐंशी पार केलेला माणूस भाताचं कौतुक करून गेला, याचं बरंही वाटलं. दीड महिना झाला त्याला.

कॅसलरॉकच्या पुढं जंगलात आमची वाडी, वीस-बावीस घरांची. मास्तर मूळचे रामनगरचे. सोमवारी येत, शाळेच्याच खोलीत राहत आणि शनिवारी घरी जात. इंग्रजी शिकवायची त्यांची तऱ्हाच निराळी. पुस्तकातला राम आंबा खातो, हे त्यांना चालायचं नाही. "कुठला राम? बघितलाय काय कुणी? वाक्यातला कर्ता आदी हुडका, आणि तो आपल्या वाडीतला पायजे." रोज घरून एक वाक्य आणायचं, आणि ते खरं असायला हवं. शब्द चुकला तर हसून सुधारत, पण वाक्य खोटं निघालं तर खैर नव्हती. शाळा सुटली की हा माणूस छत्री काखेत मारून तपासायला थेट घरी!

एकदा मी ऐटीत लिहिलं, 'माय मदर मेक्स जिलेबी.' संध्याकाळी मास्तर दारात. "कुठाय जिलेबी?" अव्वानं, म्हणजे आईनं, जन्मात जिलेबी केली नव्हती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गोठ्यात पळाले. मास्तरांनी नाचणीची भाकरी आणि ठेचा चवीनं खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर जिलेबी खोडून माझ्याकडून भाकरी लिहून घेतली. असा राग आला होता म्हणून सांगू!

सातवी संपत आली तसं आप्पांनी, माझ्या वडलांनी, सांगून टाकलं, "बास झालं शिक्षण." हायस्कूल रामनगरला, रोज जायचं तर गाडीचा भरवसा नाही, आणि पोरीला परक्या घरी ठेवायचं म्हणजे... लोक काय म्हणतील! मी दोन दिवस धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी रागारागानं वहीत लिहिलं, 'सुरेखा गोज टू हायस्कूल.' खोटं आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच लिहिलं. मास्तर आता घरी येणार, हेही ठाऊक होतं.

आले. आप्पा अंगणात बांबूच्या कामट्या सोलत होते. मास्तरांनी वही त्यांच्यापुढं धरली. "पोरीनं लिवलंय, सुरेखा हायस्कूलला जाते. खरं हाय काय ओ?" आप्पांनी हातातली कामटी खाली ठेवली. मास्तरांनी लाल पेन पुढं केलं. "खोटं असलं तर खोडा. मी न्हाई खोडणार. तुमचं घर, तुमीच खोडा." आप्पांनी पेन घेतलं. इंग्रजी सोडा, त्यांना मराठीही वाचता येत नव्हतं. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यात सुरेखा कुठं हाय?" मास्तरांनी माझ्या नावावर बोट ठेवलं. आप्पांनी पेन परत दिलं.

"माझ्या हातनं न्हाई व्हायचं, मास्तर... पर ऱ्हाईल कुठं ती?"

"माझ्या घरात. बायको एकटीच असते, तिलाबी सोबत व्हईल."

तीन वर्षं मी काकूंच्या हातचं जेवले. पुढं नर्सिंग केलं.

आता पेशंटच्या नोंदी मी इंग्रजीतच लिहिते, आणि लिहिलेलं खरं आहे का, हे उठून बघितल्याशिवाय माझ्याकडून सही होत नाही. बाकीच्या सिस्टर चेष्टा करतात, करू देत. मागच्या आठवड्यात एका म्हातारीच्या कागदावर लिहिलं, 'पेशंट हॅज टेकन फूड.' ताट रिकामं दिसलं होतं. तरी उठलेच. विचारल्यावर म्हातारी ओशाळली, "मांजराला घातलं बाई... एकटीला घास उतरंना." मी वाक्य खोडलं, पेज मागवली आणि तिच्या खाटेवर बसले. वाटी संपेपर्यंत ती नातवाचं कौतुक सांगत होती. मग पुन्हा तेच वाक्य लिहिलं, आणि सही केली.