कोहळ्याचा पहिला वार

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी एकच उत्तर देतो: अमरावतीच्या वकीलकाकूंचे. त्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

आमचं घर बाळापूरकडचं, माळ्याचं. भाजी पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायची. माझ्याआधी आमच्यात कोणी मराठी शाळेच्या पुढे गेलं नव्हतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. कॉलेजसाठी मी अमरावतीला आलो, तेव्हा काकूंनी गोठ्याशेजारची खोली दिली आणि बी.ए. होईपर्यंत दोन्ही वेळा जेवू घातलं. माझं ताट पडवीत यायचं. स्वयंपाकघराचा उंबरा मी कधी ओलांडला नाही. तसं मला कोणी बजावलं नव्हतं, बजावण्याची गरजही नव्हती.

पास झालो, अकोल्याच्या एका शाळेत मास्तर झालो. त्या वर्षी दसऱ्याला काकूंच्या पाया पडायला निघालो, तेव्हा आईने एक मोठं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, आणि गाडग्यात लोणी दिलं.

"त्या बाईले सांगजो, बिया फेकू नोका म्हणा. धुऊन, वाळवून परत धाडा. बियाचं कोहळं हाय."

"अन् लोणी?"

"लोण्याले काय बिया असतात? खाऊ दे त्याईले."

मी सकाळीच पोचलो. काकूंनी कोहळं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "आज याचा केक करू." परतवाड्याला एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी भोपळ्याचा केक भाजताना पाहिलं होतं. खाल्ला नव्हता, कारण त्यात अंडी होती. पण वास डोक्यात बसला होता. "अंड्याऐवजी दही घालीन आणि चिमूटभर सोडा. संध्याकाळी लोक सोनं द्यायला येतील, त्यांना दरवर्षी तेच तेच काय द्यायचं?"

अडचण निराळीच निघाली. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्यावर बाई पहिला वार करत नाही. घरातल्या पुरुषाने चिरायचं, मग बायकांनी हात लावायचा. वकीलसाहेब अचलपूरला नातेवाइकांकडे गेले होते, दिवेलागणीला येणार होते. गडी सणाला गावी गेलेला. काकूंना मूलबाळ नव्हतं.

काकू दारात आल्या. "हातपाय धू आणि आत ये. कोहळं तू चीर."

आतून वकीलसाहेबांच्या विधवा बहिणीचा आवाज आला. काकू त्यांना वन्सं म्हणत. "पडवीतच चिरून घे ना त्याच्याकडून."

"घरातल्या मुलानं चिरायचं असतं, वन्सं. घराबाहेर चिरून कसं चालेल?"

"घरातला मुलगा?"

"मग काय शेजाऱ्यांचा? इतकी वर्षं कोण जेवतोय इथे?"

मी उंबऱ्याशी उभा राहिलो. काकूंनी कोहळ्याला हळदकुंकू लावलं आणि सुरा माझ्याकडे सरकवला. मी आत गेलो. ते घर मला पाठ होतं, पण चुलीची ती बाजू मी पहिल्यांदा बघत होतो. कोहळं चिरलं. वन्सं उठून देवघरात गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी कोणी विचारलं तर काय सांगशील?"

"खरं तेच," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. दसऱ्याला त्या घरी अर्धी वकीलमंडळी यायची. त्यांतले काही फार कडक होते. उद्या त्यांनी या घरचं पाणी घेणं सोडलं, तर ते माझ्यामुळे. चार लोकांत काकूंना मान होता, आणि तो मी एका सुऱ्याने चिरून ठेवला होता.

काकू मात्र परातीत लोणी आणि पिठीसाखर तळव्याने फेसत बसल्या होत्या. लोणी पांढरंशुभ्र झालं तेव्हा त्यांनी वाफवून घोटलेलं कोहळं घातलं, मग दही, मैदा, सोडा, जायफळ. मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात छोटं पातेलं ठेवलं आणि झाकणावर निखारे घातले. परसात ती शेगडी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी बसायचो, उठायचो, आडापर्यंत जायचो, परत येऊन झाकण उचलून बघायचो.

"किती वेळा उघडशील?" काकू म्हणाल्या. "केक आहे तो. उडून जाणार नाही."

"काकू, मी बडनेऱ्याची गाडी धरतो. मी नसलो तर कोणी विचारणार नाही."

"काहून? चोरी केली का तू?" काकू सहसा असं बोलत नसत. आमची भाषा त्या माझ्याशी फक्त रागावल्या की बोलत. "बिया कोण धुणार? तुझ्या आईला काय उत्तर देऊ?"

मी बिया धुतल्या आणि सुपात वाळत घातल्या. केक निघाला तो मधोमध बसलेला, माझ्या सारख्या झाकण उचलण्याने. पण लोण्याचा आणि जायफळाचा वास पार फाटकापर्यंत गेला.

संध्याकाळी मंडळी आली. मी पडवीच्या खांबाला टेकून उभा. बशा फिरल्या. वकीलसाहेबांचे एक वयस्क स्नेही पहिला घास घेऊन म्हणाले, "वहिनी, हे काय केलंत? मधे खड्डा आहे, पण चव काय आहे."

"कोहळं आणि लोणी याच्या आईचं," काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "पहिला वार याचा, भाजलंय यानंच. खड्डाही याचाच."

कोणी हसलं, कोणी हसलं नाही. दोघांनी बशा खाली ठेवल्या आणि आपट्याची पानं देऊन लवकर निघाले. वयस्क स्नेही जरा थांबले, मग उरलेला तुकडा खाऊन त्यांनी बोटं पुसली.  वकीलसाहेबांनी दुसरी बशी मागितली. काकू आपली बशी घेऊन पडवीत आल्या, माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि खाऊ लागल्या. 

ते दोघे पुढच्या वर्षी आले नाहीत, असं मला तो दसरा झाल्यावर कळलं. त्याच आठवड्यात मी अकोल्याहून काकूंना लिहिलं:

"तीर्थस्वरूप सौ. काकूंस साष्टांग नमस्कार.

यंदा ते दोघे सोनं द्यायला आले नाहीत, हे वकीलसाहेबांच्या कारकुनाकडून कळलं. तेव्हापासून वर्गात शिकवतानाही लक्ष लागत नाही. तुम्ही त्या दिवशी मला पडवीत ठेवलं असतं, तरी तुमचे उपकार कमी झाले नसते. पण तुम्ही आत बोलावलंत. ते मी कशानं फेडणार, मला समजत नाही.

तुम्ही वाळवून दिलेल्या बिया आईनं विहिरीजवळ लावल्या होत्या. वेल गोठ्याच्या छपरावर चढलाय आणि कोहळी धरलीत. आई म्हणते, त्या बाईले एकदा आपल्या घरी जेवाले आण. मी तिला म्हटलं, त्या येतील की नाही मला माहीत नाही. ती म्हणाली, विचारल्याशिवाय कसं माहीत होईल?

म्हणून विचारतो आहे. आमचं स्वयंपाकघर लहान आहे, पण आत बसायला जागा आहे. पहिला वार मी करून ठेवीन. या वेळी झाकण उघडणार नाही.

आपला,
पडवीतला"