मेलेल्या कंपाउंडरचा चहा

शेवटचं प्रकरण आलं की काका पुस्तक मिटायचे, चष्मा खिशात घालायचे आणि वाचनालयातल्या माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणायचे, "सापडला, भाऊ." मग खुनी कोण ते मला सांगायचे आणि जागेवर परतून उरलेलं वाचायचे. अंदाज चुकला तर अधिक खूश. "फसवलं लेकाच्यानं," म्हणत दिवसभर हसायचे.

असा एक वाचक तुमच्याही गावच्या वाचनालयात असेल. आमच्या दारव्ह्याचे हे काका एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा लेखक एकच. बाकीचे रहस्यकथा लिहिणारे म्हणजे टाइमपास. काकू म्हणायच्या, "मी हरवली तं हे पोलिसात नाई जाणार, त्या लेखकाले विचारतीन."

पुढे त्या लेखकाची पुस्तकं दर्जानं उतरत गेली. काका त्याची बाजू घेत. एखादी गाडी उशिरा येते, म्हणून काय रूट बंद करता, असं मलाच विचारत.

मग एका दुपारी त्यांनी नवी कादंबरी माझ्यापुढे सरकवली. मध्यावर विष घालून मारलेला कंपाउंडर शेवटाकडे दार उघडतो आणि पाहुण्यांना चहा विचारतो. काकांनी मागं जाऊन पुन्हा पुन्हा वाचलं होतं. त्यांचे थोरले भाऊ अखेरीस पोटच्या मुलांची नावं विसरले होते, हे मला ठाऊक होतं.

"खरं सांगा भाऊ," ते म्हणाले. "तो मेला का नाई? का माह्यंच डोकं चालून नाई राह्यलं?"

काकूंना त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं.

मी कादंबरी घरी नेऊन वाचली. कंपाउंडर मेला होता, पंचनामाही झाला होता, आणि तरी तो चहा विचारत होता. चूक लेखकाचीच होती. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा मोकळा झाला. पण लगेच ते मलपृष्ठावरच्या लेखकाच्या फोटोकडे बघत बसले.

"मंग याच्या घरी कोणी नाई का," ते म्हणाले, "लिहिलेलं वाचून पाहाले?"

त्यानंतर त्या लेखकाला कोणी नावं ठेवली तर ते उठून जात.

पुस्तकातली चूक खरी होती. दुर्दैवाने काकांची भीतीही. काही वर्षांनी त्यांना आठवेनासं झालं. वाचनालयाची वाट चुकू लागली, तेव्हा मी पुस्तकं घरी पोचवू लागलो. त्या लेखकाची पहिली कादंबरी नेली. एके काळी ती त्यांना जवळजवळ पाठ होती. त्यांनी ती सावकाश वाचली आणि विचारलं, "नवा दिसते हा. लय चांगला लिहिते. याचं अजून काही हाय का?"

काकू उठून आत गेल्या. मी म्हणालो, आहे, पुष्कळ आहे. मग सुरुवातीचीच पुस्तकं एकेक करून नेत राहिलो. उतरत्या पुस्तकांपर्यंत पोचण्याआधीच काका गेले.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. शेवटचं नेलेलं पुस्तक तिथेच होतं. काकूंनी कधी कादंबरी हाती घेतलेली मी पाहिली नव्हती. त्या ते उघडं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"लगेच नेऊ नका," त्या म्हणाल्या. "त्याहीनं जिथं सोडलं तिथून वाचून राह्यली. मागचं मले काई माहीत नाई."