दाजींचे पाने आणि अक्काची भाजणी

अक्काचा फोन आला तेव्हा मी सांगलीत दाढी करत होतो. "दाजी गेले रं," ती म्हणाली, आणि मी अगदी सहज विचारलं, "कुठं?" माझाही फारसा दोष नाही... कोरेगावच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यापासून आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, सतत कुठंतरी जातच असत. साताऱ्याला नट पिळायचे पाने बघायला, सांगलीला गोट्या बघायला. गोट्या म्हणजे नटावर टोपीसारख्या बसवून फिरवायच्या त्या. पलीकडून हुंदका आला तेव्हा मला कळलं, आणि अर्धी दाढी तशीच ठेवून मी एसटी स्टँड गाठला.

दाजींची एक जुनी स्कूटर आणि एक बोअरची मोटर, पण हत्यारं अख्ख्या गॅरेजला पुरतील एवढी. मी घर बांधलं तेव्हा हौसेनं एक चकचकीत पेटी आणली होती, प्रत्येक गोटीला प्लास्टिकचा स्वतंत्र खळगा असलेली. दाजींनी झाकण उघडलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाव्हणं, हे रुखवत हाय. मांडायचं, लोकांस्नी दाखवायचं आन् झाकून ठेवायचं." लगेच मला आणि अक्काला घेऊन पेठेत गेले. तिथं स्थळ बघायला आल्यासारखं एकेका पान्याचं वजन तोलून, तोंड निरखून, नटावर बसवून हलवून बघणं सुरू झालं. "बारा कोनांची गोटी नको, झिजलेल्या नटावर घसरती. सहा कोनांचीच द्या." फिरवून हव्या त्या मापाचा करता येतो त्या स्क्रू पान्यावर तर त्यांचा विशेष राग. "ह्यो कुणालाबी व्हय म्हणतो आन् शेवटी नटाच्या कडा खातो!" दुकानदार चहा पाजून थकला. अक्का माझ्या कानात म्हणाली, "मला बघाय आलं तवा चहा संपायच्या आत व्हकार दिलावता ह्यांनी."

पण खरी लढाई असायची ती घरची पेटी लावण्याची. अक्काला सगळं चढत्या भाजणीनं लागतं, फडताळातल्या डब्यांसारखं. सगळ्यांत लहान पाना आधी, थोरला शेवटी. दाजींचं म्हणणं, घरात लागतो तो दहाच्या मापाचा आणि तेराचा, तेव्हा त्यांनी पुढं बसायचं, बाकीच्यांनी मागं. सकाळी ते लावायचे, दुपारी झाडलोट करताना अक्का मोडायची.

"माझा दहाचा कुणी हलवला?"

"आवं, जागेवर हाय! नवाच्या शेजारी!"

"त्याची जागा नवाच्या शेजारी न्हाई!"

गंमत म्हणजे दहाची गोटी दोघांच्याही पद्धतीत सापडायची नाही, कारण ती दाजींच्या शर्टाच्या खिशात असायची. एका लग्नात त्यांनी खिशातल्या अक्षतांबरोबर तीही उधळली. नवरदेवाला लागली नाही हे त्याचं नशीब, आणि मंगलाष्टकं संपायच्या आत दाजी बोहल्याखाली रांगत होते. मला या दोघांचा वैताग यायचा. म्हातारपणी भांडायला दुसरा विषय नाही का, असं मी बोलूनही दाखवायचो. तेव्हा दोघंही एका सुरात मला गप्प बसवायचे.

परवा कोरेगावला गेलो तर बोअरच्या मोटरचा एक नट ढिला झालेला. अक्कानं पेटी आणून पुढं ठेवली. सगळे पाने पुसलेले, तेलाचा हात फिरवलेला आणि अगदी चढत्या भाजणीत. तेराचा मधेच कुठंतरी मुकाट बसला होता. दाजी नाहीत हे मला त्यांच्या हार घातलेल्या फोटोसमोर जाणवलं नव्हतं, ते तिथं जाणवलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अक्का, छान लावलीस पेटी."

ती मटकन पायरीवर बसली. "महिना झाला रं बाळू, लावलं तसंच ऱ्हातंय. कोण हातच लावत न्हाई..." पदरानं तोंड पुसून ती माझ्याकडं बघत राहिली. "छान नको म्हणूस. चुकलंय म्हण की."

मी पेटीत बघितलं. "अक्का," मी म्हणालो, "साफ चुकलंय."

"काय चुकलंय?" अक्का कडाडली. "डोळं फुटलं का तुझं?"