झोपडीत बसवलेली बाई

"बाई, ही खरी आहे का?"

शहरातल्या एका शाळेची मुलगी विचारत होती. पाचवीतली असेल. माझ्यापासून दोन हातांवर उभी. बोट माझ्याकडे, प्रश्न मात्र तिच्या बाईंना. बाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. त्यांनाही खात्री नव्हती. मी पापणी हलवली तशी मुलं किंचाळून मागे सरली. बाई हसत म्हणाल्या, "खरी आहे, खरी आहे. हात लावू नका."

मी कुडाच्या झोपडीत बसले होते. झोपडी संग्रहालयाच्या हॉलमध्ये. समोर चूल, चुलीत लाकडं, लाकडांखाली लाल बल्ब. डोक्यावर छताचा पंखा. गळ्यात संग्रहालयाच्या मालकीची चांदीची हासडी. तिच्या आतल्या बाजूला नोंदणीचा नंबर चिकटवलेला, तो मानेला टोचत राहायचा. पलीकडे प्लास्टरचा पुरुष धनुष्य घेऊन उभा होता. प्लास्टरच्या बाईचा हात मोडला, दुरुस्तीला गेली, म्हणून तिच्या जागी मला बसवलं होतं. चार दिवसांसाठी, असं सांगून.

माझ्या नेमणूकपत्रावर 'शैक्षणिक सहायक' लिहिलेलं आहे. शाळांच्या सहली येतात त्यांच्यासाठी कार्यक्रम आखायचे, मुलांना वस्तू समजावून सांगायच्या, हे माझं काम. कंत्राटी. मी इतिहासात एम.ए. केलंय. धडगावच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे, आणि त्या पाड्यावरची एवढं शिकलेली मी पहिली. नंदुरबारला खोली घेऊन राहते. एकटी. आईला फोनवर सांगितलं होतं, मोठ्या हॉलमध्ये मुलांना शिकवते. आई पाड्यावर सगळ्यांना तेच सांगत फिरते.

काम मी मनापासून सुरू केलं होतं. पहिला महिनाभर नुसती मुलं बघितली. एका बसमधून पन्नास-साठ मुलं उतरतात. त्यातली निम्मी डब्यात जीव अडकलेली, चार-पाच जणांना बसमध्ये उलटी झालेली, सगळ्यांना आधी लघवीला जायचं असतं. सर घड्याळ बघत असतात, कारण पुढे सारंगखेड्याचा पूल दाखवायचा असतो. माहितीच्या पाट्या मोठ्या माणसांच्या उंचीला लावलेल्या. मुलं त्या वाचत नाहीत. ती काचेला नाक लावतात आणि पुढे सरकतात. काचेवर नाकांचे डाग पडतात, ते गेटवरचे आप्पा संध्याकाळी पुसतात.

मी तीन पानांचा आराखडा लिहिला. पाट्या खाली आणा. पाच वस्तू काचेबाहेर काढा, मुलांच्या हातात द्या. डोंगरातल्या शाळा येतील तेव्हा त्या वस्तूंना घरी काय म्हणतात ते मुलांकडूनच ऐका आणि लिहून ठेवा. शहरातल्या मुलांना प्रश्न विचारू द्या, उत्तरं मी देईन. झोपडी काढली तरी चालेल, कारण आमच्या पाड्यावर आता शाळेत जाणाऱ्या पोरी आहेत, मोबाइल आहे, सोलरचा दिवा आहे.

मॅडमनी तो बैठकीत वाचला. मॅडम प्रदर्शनाच्या प्रमुख, पुण्याहून आलेल्या. गोड बोलतात. कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळेच त्यांच्याशी भांडताना मोठा घोळ होतो.

"छान लिहिलंयस. पण मुलांना बोलणं नको असतं गं, दिसायला काहीतरी हवं असतं. तू नुसती बसलीस तरी त्यांना सगळं कळतं."

बैठकीला सात जण होते. डोंगरातली मी एकटी. बाकीच्यांनी माना डोलावल्या, मग चहा आला.

आणि मी बसले. हे कबूल करायलाच हवं. चार दिवसांचे चार महिने झाले. दुरुस्त झालेली प्लास्टरची बाई गोदामात पडून राहिली. शाळेची बस आली की आप्पा शिटी वाजवायचे, मी कपडे बदलून झोपडीत जायचे. अभिप्रायाच्या वहीत शिक्षक लिहायचे, 'जिवंत देखावा फार आवडला.' पगार वेळेवर यायचा. मला राग यायचा, पण तो राग घेऊन कुठे जायचं हे माहीत नव्हतं. दुपारचा डबा मी गोदामात खायचे. कारण ऑफिसातल्या दोघी त्या कपड्यांत मला बघून फोटो काढू लागायच्या.

मग मॅडमनी फोटोचा कोपरा केला.

आमच्याकडे होळीला काही पुरुष नवस धरतात. त्यांना बावा म्हणतात. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर राखेचे पट्टे. ते दिवस आंघोळ नाही, खाटेवर बसणं नाही, पायात चप्पल नाही. त्या दिवसांत बाईनं त्यांना शिवायचंही नाही, आणि टोपाला तर कधीच नाही. शेवटी नदीवर न्हाऊन नवस सोडायचा. माझ्या भावानं धरला होता, आई आजारातून उठली म्हणून. मी भाकरी दुरून ठेवायचे आणि मागे फिरायचे.

तसला खरा टोप आणि खरे भोपळे मॅडमनी डोंगरातल्या एका गावातून आणवले आणि कोपऱ्यात टांगले. वर पुठ्ठ्याची पाटी. 'बावा व्हा, फोटो काढा!'

मी म्हटलं, "मॅडम, तो नवस असतो."

"अगं, म्हणूनच तर मुलांना मजा वाटेल."

वाटलीच. शहरातल्या शाळांची तिथे रांग लागायला लागली. मी झोपडीतून बघत बसायचे.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदा आश्रमशाळा आली. सगळी आमची पोरं. मी तेलात भिजवलेल्या केसांचा तो वास ओळखला. ती झोपडीजवळ आली, लाल बल्ब बघून आपसांत हसली आणि पुढे गेली. फोटोच्या कोपऱ्याजवळ मात्र एकही थांबलं नाही. भिंतीला चिकटून, टोपाकडे पाठ करून ती पुढे सरकत होती.

"आपली मुलं किती लाजाळू," मॅडम म्हणाल्या. संग्रहालयाच्या पत्रिकेसाठी फोटोवाला बोलावलेला होता. मॅडमनी एका मुलीला दंडाला धरून पुढे घेतलं. मुलीलाच. "ये गं, तू चुणचुणीत दिसतेस."

मुलीनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. त्यांचे सर म्हणाले, "घाल ना गं. मॅडम एवढं सांगताहेत."

मॅडमनी टोप उचलला. मुलगी रडायला लागली. तिनं सरांकडे बघितलं, मैत्रिणींकडे बघितलं, मग झोपडीत बसलेल्या माझ्याकडे. आणि आमच्या बोलीत म्हणाली, "तू सांग ना त्यांना."

चार महिन्यांत त्या हॉलमध्ये कुणी मला बोलायला सांगितलं नव्हतं. ती मला ओळखतही नव्हती. तिला एवढंच वाटलं की इथे आपलं एक मोठं माणूस आहे, तर ते बोलेल. आणि ते मोठं माणूस लाल बल्बसमोर मांडी घालून बसलं होतं. मला माझीच एवढी शरम कधी वाटली नव्हती.

मी उठले. झोपडीचं आढं डोक्याला लागलं. झोपडी उभं राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती.

मी मॅडमच्या हातातून टोप घेतला. हिसकावला म्हणा. मी जन्मात टोपाला हात लावलेला नव्हता.

"हे तिला घालायचं नाही. कुणालाच घालायचं नाही. पाटी काढा."

"तू आधी जागेवर जाऊन बस."

"मी बसणार नाही."

मग मी पोरांकडे वळले आणि आमच्या बोलीत सांगितलं की रडू नका, कुणी काही घालणार नाही. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मॅडमना काहीच कळलं नव्हतं. त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच.

मला कुणी शाबासकी दिली नाही. सर पोरांना हाकत बाहेर घेऊन गेले. संध्याकाळी आप्पा गेटवर म्हणाले, "बेटा, मॅडमसंगे कसाले भांडी ऱ्हायनी? तुन्ही नोकरी कच्ची शे." ते जवळच्या कोरीट गावचे, बोली तिकडची. माझं वाईट चिंतणारे नाहीत.

खोलीवर येऊन भावाला फोन केला. वाटलं, हा तरी म्हणेल बरं केलंस. सगळं ऐकून तो म्हणाला, "तू हात लावलास?" मी म्हटलं, लावला. तो मग म्हणाला, "पुजाऱ्याला विचारून सांगतो." अजून फोन आलेला नाही. म्हणजे इकडे मी उद्धट आणि तिकडे चुकलेली. मी भांडं विसळलं, दार लावलं आणि रडले. आईला फोन करावासा वाटला, पण तिच्यापाशी आधी चार महिन्यांचं खोटं कबूल करावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नोटीस होती. लेखी खुलासा द्या. मी दिला. माफी मागितली नाही. लिहिलं की माझी नेमणूक मुलांशी बोलण्यासाठी आहे आणि यापुढे मी तेच करीन. खाली माझा तीन पानांचा आराखडा परत जोडला. पाटी स्वतः काढून त्यालाच टाचली.

आईलाही फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी लोकांना काय सांगू आता?" मी म्हटलं, जे झालं ते सांग.

उद्या खापरकडची शाळा येतेय. मी माझ्या रोजच्या कपड्यांत हॉलच्या दारात उभी राहणार आहे. डोंगरातली पोरं असतील म्हणून आधी आमच्या बोलीत बोलेन, मग मराठीत. मराठीवाल्यांनी तोवर थांबायचं. आम्ही शाळेत वर्षानुवर्षं थांबलोय. मला काढायचं असेल तर काढा, पण मागच्या दारानं, कागद पाठवून नाही. मुलांच्या समोर काढा. बोलणाऱ्या बाईला कुणी गप्प केलं ते त्यांना दिसू दे.