आंटींच्या आईने कुणाला मत दिलं

आमच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत समोरच्या फ्लॅटमध्ये ऐंशी ओलांडलेल्या एक इंग्लिश बाई राहतात. इथल्या एका जहाजावरच्या इंजिनियरशी लग्न करून त्या तरुणपणी सिंगापूरला आल्या, आणि ते गेल्यावरही इथेच राहिल्या. माझी मुलगी त्यांना आंटी म्हणते, तिचं ऐकून मीही.

गेल्या वर्षी मुलीला शाळेत इतिहासाचा प्रकल्प मिळाला. रेडिओ आणि टीव्ही आल्यावर ब्रिटनमधलं आयुष्य कसं बदललं, राजकारण कसं बदललं. तिने नेटवरून चार परिच्छेद उचलून ठेवले होते.

"समोर जाऊन विचार की," मी म्हटलं.

"ममा, ऑकवर्ड लाह," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरली.

शेवटी मी डबाभर चकल्या घेतल्या आणि तिला पुढे घालून बेल वाजवली. आंटींना चकल्या आवडल्या आणि प्रश्न त्याहून आवडले. मुलीने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्यांचे वडील गोदी कामगार. घरात रेडिओ होता, पण तो वडिलांचा. बातम्या लागल्या की चमचाही वाजलेला चालायचा नाही. राणीच्या राज्याभिषेकाला मात्र अख्खी गल्ली खाटकाच्या घरी लोटली, कारण टीव्ही तेवढ्या घरातच होता. खिडक्या झाकून अंधार केलेला, बशीएवढा स्क्रीन, समोर वीस-पंचवीस माणसं. राष्ट्रगीत लागलं तशी त्यांची आजी उठून उभी राहिली, मग सगळ्यांनाच उठावं लागलं.

"आणि तुमचे बाबा?" मुलीने विचारलं.

"त्यांना राजाराणीचं वावडं. आलेच नव्हते. मग मला न्यायला म्हणून आले आणि संपेपर्यंत दारातच उभे राहिले."

काही वर्षांनी त्यांच्याही घरी टीव्ही आला. तोवर मत कुणाला द्यायचं हे वडील युनियनच्या सभेत ऐकून यायचे, आणि आई तेच करायची. एका निवडणुकीत पुढारी टीव्हीवर बोलायला लागले. आई इस्त्री करता करता बघत होती. मध्येच म्हणाली, "तुमचा माणूस कागदाकडे बघून बोलतो. दुसरा माझ्याकडे बघून बोलतो."

"तो कॅमेऱ्याकडे बघतो," वडील म्हणाले.

मतदानाहून परतल्यावर त्यांनी विचारलं, "दिलंस ना बरोबर?" आईने हॅट काढून खुंटीला लावली आणि म्हणाली, "मत गुप्त असतं." वडील दोन दिवस घुश्शात होते. आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मुलीला आयता निष्कर्ष मिळाला: टीव्हीमुळे बायका स्वतंत्रपणे मत द्यायला लागल्या. मला जरा घाई वाटली. मीही ऑफिसात व्हिडिओ ॲपवरच काम करते. पडदा माणसाला शहाणं करतो की भुलवतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आंटींनी ते रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि इंग्लंडमधल्या मोठ्या बहिणीला पाठवलं. चार दिवसांनी आंटी स्वतःच आमच्या दारात, हातात फोन, हसू आवरत नव्हतं. बहीण म्हणाली होती, "अगं, आईने मला सांगितलं होतं. तिने बाबांच्याच पक्षाला मत दिलं. दुसरा माणूस फार गोड हसतो, म्हणून तिला संशय आला."

"मग बाबांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मीही बहिणीला तेच विचारलं. तर आई तिला म्हणाली होती, त्यांनी विचारलं होतं कुठे? ते तर तपासत होते."

मुलगी सोफ्यावर आडवी झाली. "माझं कन्क्लूजन गेलं ना आता." पण मग उठून लॅपटॉप घेऊन बसली. टीव्हीने त्या बाईचं मत बदललं नाही, असं तिने लिहिलं; मात्र पुढारी थेट घरात आला, आणि त्याला स्वतःच्या डोळ्यांनी जोखायची सवय तिला लागली. ते वाक्य नेटवरचं नव्हतं.

शिक्षिकेने पुरावा म्हणून रेकॉर्डिंग वर्गात ऐकवायला सांगितलं. आंटी स्वतःच गेल्या, लिपस्टिक लावून. एका मुलाने विचारलं, तुम्ही पहिलं मत कुणाला दिलं?

आंटी म्हणाल्या, "मत गुप्त असतं." पोरांनी बाकं वाजवली.