परतीची तार

आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या स्मार्ट मीटरवरून रोज जुंपते. कोणी म्हणतं मीटर पळतं, कोणी म्हणतं कंपनी लुटते, आणि कोणीतरी हमखास म्हणतं की शेजारचाच आपली वीज ओढत असणार. हे शेवटचं वाचलं की मी फोन उलटा ठेवते. या एका संशयापायी आमचं घर फुटलं.

उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात आम्ही आणि काका एकाच छपराखाली राहायचो. आजोबा गेल्यावर वाटणी झाली आणि मधल्या खोलीतून भिंत उभी राहिली. भांडण अजिबात नव्हतं. भिंत बांधून झाली त्या दिवशी दोन्ही घरांत मिळून एकच मटण शिजलं होतं. पप्पा अंबरनाथला एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होते, त्यामुळे दोन्हीकडची वायरिंग त्यांनी स्वतः केली, धाकट्या भावाकडून एक पैसा न घेता. काकांचं मीटर वेगळं घेतलं, आत येणारी तार वेगळी ओढली. परत जाणारी तार मात्र दोन्ही घरांना एकच ठेवली. आजोबांच्या काळातली चांगली जाड तांब्याची तार होती, आणि परतीची तार तेव्हा कोणी मोजत नव्हतं.

तेव्हाची मीटरं काळी, आत ॲल्युमिनियमची चकती फिरायची. ती चकती थांबवायच्या युक्त्या आमच्या गल्लीत शाळेतल्या पोरांनाही पाठ होत्या. कोणी काचेच्या फटीतून एक्सरेची फिल्म सारायचं, कोणी लोहचुंबक लावायचं. पप्पांना याची भयंकर चीड. विहारात बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा आणि घरी चोरीचा पंखा लावायचा, हे ते तोंडावर बोलून दाखवायचे. लोक त्यांना टरकून असत. काका तसे नव्हते. ते पतपेढीत शिपाई, बोलायला मऊ, आणि विहाराच्या दानपेटीची चावी त्यांच्याकडे असायची. दानपेटी उघडताना ते शेजारच्या दोघांना हाक मारून समोर उभं करायचे. कोणी म्हणालं, अहो तुमच्यावर विश्वास आहे, तरी ते ऐकायचे नाहीत.

मी कॉलेजला जायला लागले त्या सुमाराला वीज कंपनीची माणसं गल्लीगल्लीतून नवी मीटरं बसवत आली. पांढरं प्लास्टिक, आकडे दाखवणारी पट्टी आणि एक लाल दिवा. वीज वापरली की दिवा लुकलुकायचा, जास्त वापरली की भराभर. पप्पांना आनंद झाला. आता चोरांची जिरेल, म्हणाले. पुढच्याच बिलाला आमचीच जिरली. आमचं बिल दुप्पट झालं होतं आणि काकांचं जसंच्या तसं.

पप्पांनी आधी आम्हालाच धारेवर धरलं. आई इस्त्री फार करते, मी पंखा चालू ठेवून बाहेर जाते. मग एका दुपारी त्यांनी घरातलं सगळं बंद केलं, मीटरखालचा फ्यूज काढून हातात घेतला आणि मीटरकडे पाहिलं. घरात करंटच नव्हता, तरी दिवा लुकलुकत होता. भिंतीपलीकडे काकू मोटरवाल्या मशीनवर जीन्सचे खिसे शिवत होती. मशीन शेठचं, कापलेला मालही तोच आणून टाकायचा, त्यावर त्यांचं बरंच घर चालायचं. मशीन घरघरलं की दिवा भराभर लुकलुके. मशीन थांबलं की दिवाही मंदावे. पप्पांनी आईला बोलावलं, मला बोलावलं, आणि बोटानं नुसतं दाखवलं.

आजही सांगते, त्या दिवशी मी तिथं परकी असते तरी माझी खात्री पटली असती. आमचा फ्यूज काढलेला, तरी आमचं मीटर काकूच्या मशीनच्या तालावर चालत होतं.

काकांना विचारलं तर ते आधी हसले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"दादा, तू माझ्यावर डाउट घेतो?"

"मी काही घेत नाय. मीटर सांगतंय."

"मग भिंत फोड. सगळी फोड आणि बघ. माझा एक जॉइंट जरी सापडला ना, तर दोन मुस्काटात मार."

पप्पांनी भिंत फोडली नाही, पण तार धरून सगळं तपासलं. काकांच्या बाजूचं. मीटरची पाठ, खिडकीची चौकट, पत्र्याखालचा पाइप, सगळीकडे बॅटरी मारून झाली. काही सापडेना तेव्हा त्यांचा संशय आणखी पक्का झाला, की याची तर सफाईच मोठी. माळ्यावर लाकडी डबी होती, तिच्यात दोन्ही घरांच्या परतीच्या तारा त्यांनी स्वतः एकत्र पिळल्या होत्या. ती उघडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आपल्या हातचं काम काय तपासायचं?

त्यांनी वीज कंपनीत अर्ज दिला. एका सकाळी भरारी पथकाची जीप गल्लीत येऊन उभी राहिली आणि माणसं जमली. पथकातल्या साहेबानं काकांचं मीटर पाहिलं. त्यावर एक वेगळा दिवा सतत जळत होता. "यातून करंट जातोय, पण परत येत नाय," साहेब म्हणाला. "कायतरी लफडं आहे." आणि पप्पा सगळ्या गल्लीसमोर, विहाराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, "लफडं काय, चोरी आहे. सख्खा भाऊ आहे माझा, तरी सांगतो. हा माझ्या मीटरवरून चोरतो."

पथकानं काकांचं मीटर तपासणीला नेलं, त्यांची लाइन तोडली. शेठ दोन दिवसांनी येऊन म्हणाला, "भाभी, लाइट नहीं तो माल कैसे निकलेगा?" आणि मशीन टेंपोत घालून घेऊन गेला. त्याच आठवड्यात काका विहारात गेले आणि दानपेटीची चावी बुद्धमूर्तीसमोर ठेवून आले. कोणी मागितली नव्हती. पण कोणी परत घ्या असंही म्हणालं नाही. महिन्याभरात ते बदलापूरला भाड्याच्या खोलीत राहायला गेले.

ते गेले आणि आमचं बिल पूर्वीसारखं झालं. पप्पांनी ते आईच्या पोळपाटाशेजारी ठेवलं. "बघ," म्हणाले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, कशाचा ते सांगता येत नव्हतं. बिल तर खरं होतं.

पावसाळा संपल्यावर काकांनी ती खोली एका युपीच्या कारागिराला भाड्यानं दिली. त्यानं लाइन जोडून घेतली आणि दोन मशीनं टाकली. पुढच्या बिलाला आमच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. या माणसाला आमच्या घराचं तोंडही नीट माहीत नव्हतं. पप्पा मीटरसमोर बराच वेळ उभे राहिले, मग शिडी लावून माळ्यावर गेले. खाली आले ते धुळीनं माखलेले. हात न धुताच पाटावर बसले.

आईनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश. वीज एका तारेनं येते आणि दुसरीनं परत जाते. जुनं मीटर फक्त येणारी तार मोजायचं. नवं मीटर चोरी पकडायला दोन्ही मोजतं, आणि जिच्यातून जास्त गेली तिचं बिल लावतं. पलीकडची सगळी वीज आमच्या तारेनं, आमच्या मीटरमधून परत जात होती. आणि ही जोडणी त्यांनी स्वतः केली होती.

"उद्याच्या उद्या बदलापूरला जा," आई एवढंच म्हणाली.

मी बरोबर गेले. काकांची खोली अंधारी होती, दुपारी दिवा लावावा लागे. पप्पांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझी चूक झाली, म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. काकू भिंतीला टेकून रडत होती. काका ऐकून घेऊन म्हणाले, "बरं झालं कळलं. आता हे तिकडं पाच नंबरला सांगशील? विहारासमोर, सगळ्यांच्या देखत?"

"सांगतो ना. येत्या रविवारीच सांगतो."

"माझं दुसरं काही मागणं नाही, दादा."

तो रविवार गेला. पप्पांना ओव्हरटाइम लागला. पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग विहारात रंगकाम निघालं, मग लोक जमले होते पण वेळ बरोबर नव्हती. मी रोज विचारायचे आणि ते रोज चिडायचे. ज्या तोंडानं त्यांनी चोर म्हटलं त्याच तोंडानं चुकलो म्हणणं त्यांना जमत नव्हतं, याहून मोठं कारण काही नव्हतं. बदलापूरहून काकांनी पुन्हा कधी निरोप पाठवला नाही. पप्पा एवढंच म्हणायचे, बघतो. उन्हाळ्यात काका पतपेढीत पाण्याचा माठ उचलताना खाली बसले ते उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बदलापूरला मंडपात झाला. पाच नंबरची माणसं टेंपो करून आली होती. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, मग एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. पप्पा उठले. माइक हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं. तार, जोडणी, मीटर. "माझा भाऊ चोर नव्हता. चूक माझी होती," असं ते दोनदा म्हणाले आणि रडले. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, सुटलं.

मग जेवणं सुरू झाली. मी पाणी वाढत होते. विहाराच्या ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्यांपैकी दोघे एकमेकांना म्हणत होते, "भाऊ असावा तर असा. मेलेल्याची चोरी पण स्वतःच्या अंगावर घेतली." मी थांबून म्हणाले, आजोबा, तसं नाही, खरंच तार एक होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बापाची लेक शोभतेस," म्हणाले. बायकांच्या बाजूला एक जण काकूचा हात हातात घेऊन हेच सांगत होती, की नशीब काढलंत, एवढं सगळं होऊनही थोरल्या दिरानं झाकून घेतलं. काकूनं तिच्याकडे पाहिलं आणि हात सोडवून घेतला.

परत निघताना पप्पा टेंपोजवळ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल वाटत होता.

"आज मोकळं झालो बघ," ते म्हणाले.

"कोणालाही खरं वाटलेलं नाही, पप्पा," मी म्हणाले. "काका अजून चोरच आहेत. फक्त तुम्ही मोठे झालात."

तेवढ्यात कोणीतरी पुढचं दार उघडलं, आणि सगळ्यांनी आग्रह करून त्यांना ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवलं.